राजाजीनगरातला समुद्र

गेली पंचवीस-तीस वर्षं मी ही हकीकत सांगायचं टाळत आलो. टाळण्याच्या माझ्या रीती ठरलेल्या होत्या. कुणी घरात मासे पाळण्याविषयी बोलू लागलं की विषय बदलायचा, कुणी जाधव अण्णांचं नाव काढलं की त्यांच्या हातातल्या कसबाचं कौतुक करायचं, आणि अक्कांचं नाव निघालं की पाणी प्यायला उठायचं. शैलाला, माझ्या बायकोलाही, मी हे कधी सांगितलं नाही. ती गेली ती हे न कळताच गेली. आता माझं वय असं आहे की टाळायलासुद्धा फार दिवस शिल्लक नाहीत. म्हणून लिहायला बसलो, तर पहिलीच अडचण ही की नेमकं काय कबूल करायचं आहे ते मला नीट कळत नाही. मी दोन मासे मारले, हे? की एका हसऱ्या बाईला गप्प केलं, हे?

मार्च लागला की बंगळुरात रस्त्याकडेची काही झाडं पानं टाकून नुसती गुलाबी होतात. त्यांचं परदेशी नाव मला इतक्या वर्षांत नीट घेता आलेलं नाही. खाली उभ्या गाड्यांवर फुलांचा सडा, वर कोरडं ठणठणीत आकाश. यंदा त्यात पाणी पुन्हा एक दिवसाआड झालं. मी आता मुलीकडे राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. परवा आमच्या इमारतीखाली टँकर आला, माणसं बादल्या घेऊन धावली, कुणीतरी "स्वल्प सरका की" म्हणून खेकसलं, आणि गॅलरीत उभ्या असलेल्या मला खाऱ्या पाण्याचा वास आला. बंगळुरात समुद्राचा वास यायचं काही कारण नाही. पण नव्वदच्या दशकातल्या त्या मार्चमध्येही झाडं अशीच गुलाबी होती, पाणी असंच एक दिवसाआड होतं, आणि राजाजीनगरात आमच्या घरासमोरच्या घरात समुद्र होता.

समुद्र अण्णांचा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथ-मिलिंगचं लहानसं वर्कशॉप होतं. घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. घरात मराठी बोलत, पण आमच्या मिरजेच्या मराठीहून निराळी, चालता चालता कन्नडशी गप्पा मारणारी. मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर. अण्णा मला सगळ्यांसमोर "आमचे इंजिनिअरसाहेब" म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला कधी मोजता आलं नाही.

पाच फुटांची काचेची टाकी त्यांनी स्वतः जोडली होती. पाण्यातला मळ फेसाबरोबर वर ओढून काढणारी नळीही त्यांनी वर्कशॉपमध्ये बनवली होती. खारं पाणी मंगळूरहून यायचं, ओळखीच्या लॉरीवाल्याकडून, पांढऱ्या कॅनमधून. त्यांच्या बायको, अक्का, म्हणायच्या, "लोकांच्या घरी गंगा येते, आमच्या घरी मंगळूरचं मीठपाणी." टाकीत दगड होते, दगडांवर जिवंत प्रवाळ. काही आळंबीसारखे, काही बोटांसारखे, दिवे लागले की फुलून हलणारे. दोन लाल-पांढऱ्या कोळंब्या होत्या. आणि या सगळ्याचे मालक असल्यासारखे फिरणारे ते दोन एंजल मासे.

ते लहान असताना मद्रासहून आले होते. तेव्हा दोघेही गडद निळे, अंगावर पांढऱ्या अर्धवर्तुळाकार रेघा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यातला एक मोठा होऊन पार बदलला होता, पिवळसर हिरवा, त्यावर निळे ठिपके. दुसरा अजून मध्येच अडकलेला, अर्धी रेघ पुसलेली, अर्धी उरलेली. एकाच जातीचे आहेत यावर माझा विश्वासच बसेना. सुरुवातीला ते इतके भांडत की अण्णांनी वर्षभर मध्ये काच घालून ठेवली होती. मोठा रागावला की टाकीतून टक्‌टक्‌ आवाज येई. मासा आवाज करतो हे मला त्या घरात कळलं.

"इंजिनिअरसाहेब," अण्णा एकदा म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय ठाऊक आहे? ह्या जातीत सगळ्या आधी माद्याच असतात. त्यातली जी थोराड होते, दुसरीवर दादागिरी करते, ती पुढं नर होते."

अक्का कॉफीचे पेले घेऊन येत होत्या. "असं होय? म्हणजे बाई दांडगी झाली की तिला पुरुष म्हणायचं? मग मला ह्या घरात काय म्हणणार?"

"तुला लग्नापासून म्हणतोय," अण्णा म्हणाले.

"म्हणा की. मग उद्यापासून नाचणीच्या मुद्द्यांचे गोळे तुम्ही वळा. आणि भाऊ, तुम्ही हसू नका. तुमच्या शैलालाही सांगते मी हे."

ही अक्कांची बोलण्याची तऱ्हा. टाकीचा त्यांना राग नव्हता, टाकीवरून बोलायला मिळतं याचा आनंद होता. माशांना उकडलेला पालक चिमट्यात धरून द्यायचा असे. अक्का म्हणायच्या, "मी आजारी पडले तेव्हा मला कुणी असा घास भरवला नाही." अण्णा खाली मान घालून हसत. त्या घराला त्या बोलण्याची फोडणी होती. आमच्या घरात मी आणि शैला हळू, नीट, एकमेकांना न दुखावता बोलायचो. समोरच्या घरातून येणारे ते टोमणे ऐकून आम्हालाच बरं वाटायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून दोन्ही मासे दिवेलागणीला एक विचित्र गोष्ट करू लागले. टाकीतले दिवे मालवायच्या आधी लहान मासा वर यायचा, मोठा त्याच्या पोटाखाली तोंड नेऊन हळूहळू त्याला वर ढकलल्यासारखा करायचा, आणि दोघे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत तरंगत जायचे. मग एकदम वेगळे होऊन खाली. अण्णा श्वास रोखून बघत. "अंडी देणार," ते कुजबुजत. "घरातल्या टाकीत होत नाही म्हणतात. पण हे देणार." पन्नाशीतला, हाताला कायम ग्रीसचा वास असलेला माणूस, आणि चेहरा असा की बघणाऱ्याने मान दुसरीकडे वळवावी.

आणि नेमकं तेव्हा त्यांना एक मशीन बसवून द्यायला तीन आठवडे कोइमतूरला जावं लागलं. त्यांची मुलगी रेखा पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेला बसलेली, त्यामुळे अक्का घरीच. पण अक्कांनी हात वर केले. "मी ह्यांच्या समुद्राला हात लावणार नाही. काही झालं तर माझ्या नावानं." म्हणून टाकी माझ्याकडे आली.

अण्णांनी एक वही दिली आणि सूचना दिल्या. पाणी वाफ होऊन कमी होतं, पण मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. हॉलच्या कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधलं, क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी घालायचं. "बाकी काही करू नका साहेब. नुसतं बघा."

नुसतं बघणं मला जमलं नाही. आमच्या कारखान्यात सूचना योजना होती. कामाच्या पद्धतीत कुणी सुधारणा सुचवली की शाबासकीचं पत्र मिळे. माझ्याकडे अशी पत्रं बरीच होती. वीस वर्षं त्यात घालवल्यावर, दुसऱ्याने सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणं मला कमीपणाचं वाटू लागलं होतं, हे आता लक्षात येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. निळा ड्रम तळाला गेला. ड्रम भरेपर्यंत दोन दिवस थांबलो असतो तरी टाकीला काही झालं नसतं. पण मी घरी आलो, आणि स्वयंपाकघरात शैलाचा हंडा दिसला.

हंडा तांब्याचा, तिच्या माहेरचा. पाडवा जवळ आला म्हणून तिने चिंच-मिठाने घासून लख्ख केलेला. पिण्याचं पाणी आम्ही त्यात भरून ठेवत असू. रात्रभर राहिलेलं ते पाणी सकाळी पिणं चांगलं, हे मी आईकडून शिकलो होतो. मला वाटलं, प्लास्टिकच्या ड्रमपेक्षा हे किती तरी शुद्ध. एक दिवस भरून ठेवलेलंही आहे. मी कळशी भरली आणि रस्ता ओलांडला. टाकीत पाणी ओतताना मला जे वाटलं ते मी विसरलो नाही. मला समाधान वाटलं. अण्णांना परत आल्यावर सांगेन, तुमच्या ड्रमपेक्षा माझी युक्ती बरी, असं मी मनात ठरवलंसुद्धा.

मग ड्रम भरला तरी मी हंड्याचंच पाणी घालत राहिलो. रोज एक कळशी. वहीत लिहिलं: "पाणी घातले." कुठलं ते लिहिलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. तेव्हा लपवण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

आठवड्याभराने कोळंब्या दिसेनाशा झाल्या. दगडामागे असतील म्हटलं. मग बोटांसारखे प्रवाळ फुलेनात. दिवे लागले तरी मिटलेलेच. मी वहीत नोंद केली: "आज कोरल मिटलेले." या नोंदीचा दिवस महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर दोन दिवसांनी अक्कांनी हॉलमध्ये डासांचं औषध फवारलं. रेखा हॉलमध्ये अभ्यास करायची आणि डासांनी तिचे पाय फोडून काढले होते. फवारल्यावर अक्कांना टाकी आठवली. धावत माझ्याकडे आल्या. "भाऊ, मी फुस्स मारलं. झाकण होतं टाकीला, पण थोडं उघडं होतं. काही होईल काय?"

"काही होत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर सगळं दोन दिवसांत झालं. प्रवाळ दगडावरून साय सुटावी तसे सुटले. पाणी दुधाळ झालं, त्याला वास आला. मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. मी फेस काढणाऱ्या नळीत हवा वाढवली, मंगळूरचे उरलेले दोन कॅन ओतले, काय काय केलं. सकाळी लहान मासा तळाशी आडवा होता. मोठा त्याच्या वर उभा. पाण्यात उभा राहणं म्हणजे काय ते तेव्हा बघितलं; हलत नव्हता, फक्त बाजूचे पर चालू होते. दिवेलागणीला त्याने खाली जाऊन तोंडाने लहानाला ढकललं. दोनदा, तीनदा. मग तोही कलंडला. अक्का दारात उभ्या होत्या.

अण्णा दोन दिवसांनी आले. पिशवी हातातच होती. मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी अक्का बोलल्या. "मी डासांचं औषध मारलं होतं. भाऊंनी सगळं नीट केलं. माझ्यामुळं झालं."

अण्णा ओरडले नाहीत. रिकाम्या टाकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रोज टोमणे मारत होतीस. मन भरलं ना आता?"

मी तिथेच होतो. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "अण्णा, जाऊ द्या. मुलीच्या अभ्यासासाठी केलं त्यांनी. त्यांना माफ करा." अक्कांनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. ती नजर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अण्णा म्हणाले, "साहेब होते म्हणून इतके दिवस तरी जगले."

तोवर मला खरंच ठाऊक नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकतो. फक्त एक गोष्ट मनात टोचत होती, ती मिटलेल्या प्रवाळांची नोंद. फवाऱ्याच्या आधीची. महिन्याभराने आमच्या प्लेटिंग शॉपचे केमिस्ट मूर्ती यांच्याशी बोलताना सहज विषय निघाला. तांब्याचा मुलामा देण्याच्या टाकीतलं पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून ते फार जपत. मी विचारलं, एवढं काय त्यात? ते म्हणाले, "मासे तरी थोडं सोसतात. पण शिंपले, कोळंबी, प्रवाळ असलं जे हाडं नसलेलं, त्याला तांबं म्हणजे विष."

दुसऱ्या दिवशी मी शैलाच्या हंड्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं. मूर्तींनी त्यात काहीतरी थेंब टाकले. पाण्यावर फिकट निळी झाक आली.

"स्वल्प आहे," ते म्हणाले, "पण आहे. कोण पितं हे?"

"माणसं."

"मग सरी, ठीक. माणसांना एवढ्यानं काही होत नाही."

रोज एक कळशी. वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागे राहतं, हे अण्णांनी मला समजावून सांगितलं होतं. तांबंही मागेच राहत असणार, हे इंजिनिअरच्या डोक्यात आलं नाही. आधी कोळंब्या, मग प्रवाळ, आणि प्रवाळ कुजल्यावर पाण्यात गुदमरून मासे. हे सगळं मला त्या बाटलीकडे बघताना एका दमात कळलं. मी मूर्तींना विचारलं, "पण डासांच्या औषधानंही मेले असतील ना?" ते म्हणाले, "त्यानंही मरतात. आता कसं सांगणार?"

या "कसं सांगणार"मध्ये मी इतकी वर्षं राहिलो. तो माझा भाड्याचा नसलेला, कायमचा मुक्काम. खरंच, कसं सांगणार? तांब्याने सुरुवात झाली असेल आणि फवाऱ्याने शेवट. किंवा फवाऱ्याचा काही संबंधच नसेल. कधी वाटतं की मी निम्मा दोषी आहे. पण निम्मा दोष असलेला माणूस निम्मं तरी बोलतो. मी काहीच बोललो नाही. का, हे मला आजही उलगडलेलं नाही. अण्णांनी मला घराबाहेर काढलं नसतं. फार तर चार दिवस अबोला धरला असता. मग मला कशाची भीती होती? "आमचे इंजिनिअरसाहेब" हे दोन शब्द जातील याची? एवढ्याची?

टाकी त्या उन्हाळ्यातच निघाली. तिच्या जागी काचेचं कपाट आलं, त्यात रेखाची बक्षिसं. अण्णांनी पुन्हा मासे आणले नाहीत. अक्का मात्र बदलल्या. भांडण झालं नाही, रडारड नाही. फक्त टोमणे थांबले. अण्णांनी काही नवं काढलं, रेडिओ उघडला, गच्चीत कबुतरं पाळायची म्हणाले, तरी अक्का "सरी, करा" म्हणू लागल्या. कॉफी तशीच मिळायची, फक्त तिच्याबरोबर काही यायचं नाही. शैला एकदा म्हणाली, "अक्का वयानं शांत झाल्या नाही?" मी म्हणालो, "हो, वयानं." हंडा तिचा होता. तिला सांगितलं असतं तर तिने तो मोडीत दिला असता आणि स्वतःला दोष देत बसली असती. असं मी स्वतःला सांगितलं. माझ्याजवळ गप्प बसायची कारणं नेहमी दुसऱ्याच्या भल्याची असत.

पुढे त्या घरात ती गोष्ट गंमत म्हणून सांगायला लागले. रेखाच्या लग्नात कुणीतरी नवऱ्या मुलाला सांगितलं, "जावईबापू, सासूबाईंना सांभाळून. एका फुस्समध्ये समुद्र मारलाय त्यांनी." मांडवभर हशा. अक्काही हसल्या. मी ताटातला भात कालवत राहिलो.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा तो टँकर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून राजाजीनगरला गेलो. वाटेत वाक्य तयार केलं, दोनदा मनात म्हणून पाहिलं. अक्का एकट्याच होत्या. ऐंशीला टेकल्या आहेत, पण ताठ. कॉफी त्यांनी स्वतःच केली.

"अक्का," मी म्हणालो, "त्या माशांबद्दल..."

"अय्यो भाऊ, तुमच्या अजून डोक्यात आहे काय ते?" त्या हसल्या. मग पेला खाली ठेवला. "ह्यांच्याही होतं. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, माझा हात धरला. आमच्यात असं हातबीत धरायची पद्धत नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाले, 'सुशी, ते माशांचं मी तुला कधीच माफ केलंय. उगाच बोललो तेव्हा. तू मनातून काढून टाक.'"

"मग काढलंत?"

"ते बोलले म्हणून निघालं. नाही तर कसं निघणार होतं?" त्यांनी पेला पुन्हा उचलला. "सगळं आयुष्य मस्करीत गेलं हो. मला म्हणून, माझ्यासाठी म्हणून, ते एवढंच एक बोलले."

माझं वाक्य तोंडात आलेलं होतं. ते बोललो असतो तर अक्का निर्दोष झाल्या असत्या. आणि अण्णांनी हात धरून दिलेली ती माफी, अक्कांजवळची ती एकुलती एक गोष्ट, कशाचीच माफी नसती उरली. मी खरं बोलून त्यांचं काय काढून घेणार होतो आणि काय देणार होतो, याची बेरीज मला तिथे बसून करता येईना. अजूनही येत नाही. किंवा येते, आणि मला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या भल्याचं कारण सापडलं आहे. यातलं कुठलं खरं, हे मला कुणीतरी सांगायला हवं.

मी म्हणालो, "कॉफी छान झालीय." आणि निघालो.

एक गोष्ट आणखी. अक्का घरात मराठी बोलतात, पण त्या कन्नड शाळेत शिकल्या. मराठी त्यांना वाचता येत नाही. हे लिहायला बसताना मला ते पक्कं ठाऊक होतं. मी कुठल्या भाषेत खरं बोलायचं हेसुद्धा बघून घेतलं आहे. ऑटोत तयार केलेलं ते वाक्य येताना तसंच्या तसं माझ्याबरोबर परत आलं. ते असं होतं: अक्का, तुम्ही काही केलं नव्हतं. टाकीत चुकीचं पाणी मी घालत होतो, आणि तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत तेव्हा मी समोर उभा राहून तुमच्यासाठी माफी मागितली. ती मला माझ्यासाठी मागायची होती.